तिवड्याभोवती ड्रोन

ड्रोनची गोल चक्कर बघायला फार सोपी वाटते. मधोमध काहीतरी असतं, कॅमेऱ्याचं तोंड त्याच्याकडे असतं आणि ड्रोन त्याच्याभोवती फिरत राहतो. लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीभोवती, बिल्डरच्या जाहिरातीत इमारतीभोवती, जत्रेच्या व्हिडिओत शिखराभोवती. ड्रोनवाले याला ऑर्बिट म्हणतात. मी सोलापुरात हायस्कूलला भूगोल शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी अडीचशे ग्रॅमच्या आतला एक छोटा ड्रोन घेऊन शहराबाहेर जाते. तो सरळ वर नेते, नदीच्या कडेकडेनं नेते, पण जीव रमतो तो या गोल चकरेतच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. चक्कर मारताना आपलं सगळं लक्ष मधल्या वस्तूवर असतं आणि चित्र मात्र ठरतं तिच्या मागच्या जगावर. मधली वस्तू पडद्याच्या मधोमध बसून असते. सरकतं, पालटतं, उघडत जातं ते तिच्या पाठीमागचं. म्हणून कशाभोवती फिरायचं हे ठरलं की लगेच ड्रोन उडवायचा नाही. फिरताना पाठीमागे काय काय येणार आहे, ते आधी बघून घ्यायचं.

चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. चंद्राला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला साधारण २७.३ दिवस लागतात आणि तेवढ्याच दिवसांत तो स्वतःभोवतीही एकदाच फिरतो. परिभ्रमण आणि परिवलन, दोन्हींचा काळ एक. म्हणून त्याचं तोंड कायम आपल्याकडे. ड्रोनला नेमकं हेच करायचं असतं. उजव्या हाताच्या स्टिकनं तो आडवा सरकतो, म्हणजे परिभ्रमण. डाव्या हाताच्या स्टिकनं जागच्या जागी वळतो, म्हणजे परिवलन. दोन्ही एकाच वेळी, एकाच मापात चालू ठेवले की चक्कर होते.

दिशेचं गणित अंगठ्यांत बसवून टाकावं. दोन्ही अंगठे एकमेकांकडे, म्हणजे आतल्या बाजूला ढकलले, तर ड्रोन डावीकडे सरकतो आणि उजवीकडे वळतो. वरून बघितलं तर ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जाणारी फेरी, आपण देवाला उजवी घालून प्रदक्षिणा घालतो तशी. दोन्ही अंगठे बाहेर ढकलले की उलटी फेरी. मी मुलींना शिकवते तेव्हा ‘अंगठे आत, प्रदक्षिणा’ एवढंच सांगते आणि त्या पुन्हा कधी विचारत नाहीत.

यात एक गोष्ट मला अजूनही सुंदर वाटते. दोन्ही अंगठे जिथल्या तिथे स्थिर धरून ठेवले, तर ड्रोन बिनचूक वर्तुळच काढतो. आडव्या वेगाला वळण्याच्या वेगानं भागलं की त्या वर्तुळाची त्रिज्या मिळते. सेकंदाला २ मीटर सरकायचं आणि सेकंदाला ६ अंश वळायचं, तर त्रिज्या येते १९ मीटर. म्हणजे वर्तुळ काढणं ही अडचणच नाही, ते आपोआप निघतं. अडचण एवढीच, की त्या वर्तुळाचं केंद्र आपल्या वस्तूवर पडतंय की तिच्या चार मीटर पलीकडे. वस्तू पडद्यावर बाजूला सरकायला लागली की नवशिक्याचा डावा अंगठा तिच्यामागे धावतो, वळण्याचा वेग कमी-जास्त होतो आणि मागचं क्षितिज हिसके खायला लागतं. डावा अंगठा शांत ठेवावा. उजव्या अंगठ्यानं ड्रोन किंचित पुढे किंवा मागे घ्यावा, अंतर जुळलं की वस्तू आपण होऊन मधे येते.

हे सगळं ड्रोन स्वतःच करून देतो की, असं कोणीही म्हणेल. खरं आहे. बहुतेक ड्रोनमध्ये तशी सोय असते. पडद्यावर वस्तूभोवती बोटानं चौकोन काढायचा, वेग आणि दिशा सांगायची, बाकीचं तो उपग्रहांवरून आपली जागा धरून आणि कॅमेऱ्यानं वस्तूवर नजर ठेवून करतो. मीही ती सोय वापरते. पण हातानं चक्कर मारायला शिकल्याशिवाय ती वापरू नये असं माझं ठाम मत आहे. आपोआप फिरणारा ड्रोन सगळ्या दिशांना सारखाच वेग देतो, कारण मागे काय आहे हे त्याला कळत नाही. पाठीमागे कडब्याची गंजी येत असताना जरा दम धरायचा आणि नुसतं मोकळं रान असताना पटकन पुढे जायचं, हा निर्णय माणसाच्या अंगठ्यातच येऊ शकतो.

वेगाबद्दल बोलायचं तर लोक मला विचारतात, ताशी किती किलोमीटरनं फिरवता? त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. प्रश्न हवा तो एका फेरीला किती सेकंद लागतात हा. फेरी ६० सेकंदांची असेल तर ड्रोन सेकंदाला ६ अंश वळतो. साध्या ड्रोनचं भिंग साधारण ७४ अंश रुंद बघतं, म्हणजे क्षितिजावरचं झाड पडद्याच्या एका कडेनं आत येऊन दुसऱ्या कडेनं बाहेर जायला १२ सेकंद लागतात. डोळ्याला ते निवांत बघता येतं. फेरी ३० सेकंदांची केली की तेच झाड ६ सेकंदांत पळून जातं आणि बघणाऱ्याला गरगरतं. त्रिज्या १० मीटर असो की ५०, क्षितिजापुरता हा हिशोब बदलत नाही. मोठ्या वर्तुळात ड्रोन जोरात पळतो म्हणून चित्रही जोरात पळेल, असं नसतं.

उंचीचंही तसंच. जितकं वर जाऊ तितकं छान, असं वाटतं खरं, पण चक्कर मारायची तर ते खोटं ठरतं. वर गेलं की कॅमेरा खाली वाकवावा लागतो आणि साधारण २०-२२ अंशांपेक्षा जास्त वाकवला की क्षितिज पडद्याबाहेर जातं. क्षितिज गेलं की मागचं जग गेलं, उरली ती जमीन, गोल फिरणारी. म्हणून माझा ठोकताळा असा आहे, की उंची अंतराच्या एक तृतीयांशाच्या आसपास. २० मीटर लांबून फिरायचं तर ७ मीटर उंच. लोकांना हे फारच कमी वाटतं. पण आपल्या सोलापूरकडची सपाट जमीन सात मीटरवरूनच तिचं खरं रूप दाखवते. एकामागे एक बांध, त्यामागे बाभळींची रांग, त्यामागे कुठल्यातरी गावाची पाण्याची टाकी आणि शेवटी ती सरळ, कुठेही न तुटणारी रेघ. डोंगराळ भागातल्या ड्रोनवाल्यांना मागे एकच डोंगर मिळतो. आपल्याला थरावर थर मिळतात, आणि चकरेत प्रत्येक थर वेगळ्या गतीनं सरकतो. मधल्या वस्तूच्या पुढचं एका बाजूला जातं, मागचं त्याच्या उलट. हा जो दुहेरी सरकण्याचा खेळ आहे, तोच चकरेचा प्राण आहे.

शाळेतली मुलं विचारतात, “मॅडम, सिद्धेश्वर तलावावर का उडवत नाही? पाण्यात देऊळ, चारी बाजूंनी मोकळं, किती भारी येईल!” येईलच. भुईकोट किल्ला, इंद्रभुवन, जुन्या मिलची आठवण सांगणारा तो सगळा गिरणगावचा भाग, हे सगळं मलाही गोल फिरून बघायचं आहे. पण आपलं विमानतळ होटगी रोडला आहे आणि २०२५ पासून तिथून गोव्याला विमान जातं. ड्रोनचे नियम २०२१ च्या ऑगस्टमध्ये आले. त्यांच्याप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय अजिबात उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत आणि त्याच्यापुढे, हिरव्या झोनमध्ये, १२० मीटरपर्यंत मोकळीक आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला उडवणाऱ्याचा परवाना लागत नाही, झोनचा नियम मात्र सगळ्यांना सारखाच. शहराचा मध्यभाग विमानतळाच्या जवळच येतो. शिवाय सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत, माणसांच्या डोक्यावर असली वस्तू नेणं मला कोणी परवानगी दिली तरी जमायचं नाही. म्हणून मी मंगळवेढा रस्त्यानं बाहेर पडते. तिऱ्ह्याला सीना नदी ओलांडली, की पुढे एका पडीक रानात एकटी बाभूळ आहे. तिच्या बुंध्याला जुनी लाल ओढणी बांधून मी हात बसवला. दर वेळी निघण्याआधी सरकारी नकाशा उघडून झोन बघते, कारण तो बदलू शकतो.

आता खरं सांगायचं आहे ते मामाच्या खळ्याचं.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. काळी, खोल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन, आणि तिच्यात मुरलेल्या ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मामाकडे अजून मालदांडी ही जुनी जातच असते. हल्ली सगळ्यांची सुगी मळणी यंत्रावर होते, मामाचीही. ट्रॅक्टर येतो, तासाभरात पोती भरतात. पण बियाण्यापुरती आणि घरच्या भाकरीपुरती कणसं मामा बाजूला काढतो आणि ती बैलांच्या पायाखाली मळतो. यंत्रात दाणा फुटतो, फुटका दाणा उगवत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी दरवर्षी पाणी मारून, चोपून, शेणानं सारवून छोटं खळं करतो, मधोमध तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, रोवतो. दोन बैल घरचे, दोन पैऱ्याचे, म्हणजे शेजाऱ्याशी अदलाबदलीनं आणलेले. चौघांची पात, म्हणजे एका दोराला जोडलेली ओळ, तिवड्याला बांधून गोल फिरवायची.

मला मार्चमध्ये मामीचा फोन आला, “येत्या रविवारी पात धरणार हाय, तुझं ते यंत्र घिऊन ये.” गोल फिरणाऱ्या बैलांभोवती गोल फिरायचं! भूगोलाच्या बाईला याहून मोठं निमंत्रण कोणतं?

मी पोचले तेव्हा कणसं अंथरून झाली होती. ड्रोन पेटीतून काढायच्या आधी मी तिवड्यापासून वीस मीटर मोजून पायी फेरी मारली. वीस मीटर त्रिज्येची फेरी म्हणजे सव्वाशे मीटर चालणं. ही फेरी मी कुठेही गेले तरी चुकवत नाही. कारण एक, ड्रोन आडवा सरकत असतो आणि छोट्या ड्रोनला बाजूनं दिसत नाही. पुढे, मागे आणि खाली सेन्सर असतात, बाजूला बहुधा नसतात. लिंबाची बारीक फांदी, विजेची तार, बोअरच्या मोटरीची वर गेलेली वायर, हे सगळं आपल्या डोळ्यानंच बघून ठेवावं लागतं. दुसरं कारण माझ्या म्हणण्याचं मूळ. चालताना मी आठ दिशांना थांबते, तिवड्याकडे तोंड करते आणि त्याच्या पलीकडे काय दिसतंय ते वहीत लिहिते.

त्या दिवशीची नोंद अशी होती. उत्तरेला उभं राहून दक्षिणेकडे बघितलं की विहीर, बाभळी, आणि त्यांच्या अलीकडून गेलेली डीपीची तार. ती तिवड्यापासून अठ्ठावीस मीटरवर होती, म्हणून माझी फेरी वीसच्या पुढे नेता येत नव्हती. पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे बघितलं की लिंब आणि घर. दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे बघितलं की कडब्याची गंजी, घराएवढी उंच. आणि पश्चिमेला उभं राहून पूर्वेकडे बघितलं की काहीच नाही. ज्वारी काढून मोकळं झालेलं काळं रान, थेट आभाळाला टेकलेलं.

मामा माझ्यामागे मागे चालत होता. म्हणाला, “आगं, ईमान उडवायचंय का सर्वे करायचाय?”

“मामा, मागं काय दिसतंय ते बघतीय.”

“मागं? बैल तर हितं फिरणार हायती.”

मी त्याला वहीतलं वर्तुळ दाखवलं. त्यानं ते नीट बघितलं आणि पूर्वेच्या बाजूवर बोट ठेवून म्हणाला, “मग हितनं चांगलं दिसंल. मोकळं हाय. बैलाचं शिंग उठून दिसंल.” खिलारांची ती लांब, मागे वळलेली शिंगं. मामाला चित्र कळत होतं.

बैलांना आवाजाची सवय करून देणं हे त्याहून महत्त्वाचं काम. बैल उभे असताना, मामा वेसण धरून असताना, मी ड्रोन साठ-सत्तर मीटर लांब उडवला आणि तिथेच थांबवला. त्यांचे कान तिकडे वळले. दोन-तीन मिनिटांनी वळायचे थांबले. मग थोडा जवळ, पुन्हा थांबा. वीस मीटरवर आला तेव्हा चौघेही शांत होते, आणि त्याहून जवळ मी तो शेवटपर्यंत नेला नाही. जवळून गेलं तर पंख्यांच्या वाऱ्यानं खळ्यातलं भुसकटही उडतं, म्हणजे दुसऱ्याच्या कामात आपण वारा घालणार. बैल बुजला तर मोडतो तो त्याचा पाय नाहीतर हाकणाऱ्याचं हाड. त्यापुढे कुठलाही शॉट मोठा नाही.

पात सुरू झाली, मुसक्या बांधलेले बैल उलट्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरत होते. वर्गात कोनीय वेग सांगायला मला आता दुसरं उदाहरण लागणार नाही. चार बैल एका ओळीत, एकाच दोराला. तिवड्याजवळचा म्हातारा बैल दीड मीटरवर, तो एका फेरीत साडेनऊ मीटर चालतो. बाहेरचा तरणा बैल चार मीटरवर, त्याला तेवढ्याच वेळात पंचवीस मीटर चालावं लागतं. फेरी दोघांची एकच, साधारण अर्ध्या मिनिटाची. म्हणून मामा म्हाताऱ्याला आत बांधतो. आणि वीस मीटरवरचा माझा ड्रोन हा त्याच ओळीतला सगळ्यात बाहेरचा गडी. त्याला बैलांबरोबर राहायचं तर अर्ध्या मिनिटात सव्वाशे मीटर, म्हणजे सेकंदाला चार मीटरांहून थोडं जास्त.

इथे मला जे दिसलं ते मी आधी कागदावर मांडून बघितलं होतं, तरी पडद्यावर बघताना अंगावर काटा आला. ड्रोन बैलांच्या उलट दिशेनं, दीड मिनिटाच्या फेरीनं फिरवला, तर बैलांचे सेकंदाला १२ अंश आणि ड्रोनचे ४ अंश यांची बेरीज होते. पडद्यावर बैल बावीस सेकंदांत फेरी पुरी करताना दिसतात, घाईत असल्यासारखे. त्याच वेगानं, पण त्यांच्याच दिशेनं फिरवला तर वजाबाकी. बैल पंचेचाळीस सेकंदांची फेरी घेतात, जड, सावकाश, प्रत्येक पाऊल टाकल्याचं जाणवतं. आणि ड्रोनची फेरी बैलांच्या फेरीशी बरोबर जुळवली, तर बाकी शून्य. बैल चालत असतात, पाय उचलतात, माना हलवतात, पण पडद्यावर आहेत तिथेच राहतात. चौघांची ओळ तशीच, शिंगं तशीच, आणि त्यांच्या पायाखालचं खळं, तिवडा, मागचं रान, अख्खी पृथ्वी फिरायला लागते.

हा शॉट मी फक्त पश्चिमेच्या बाजूनं घेतला, वायव्येपासून नैऋत्येपर्यंत, म्हणजे पाव फेरी, जेमतेम साडेसात सेकंद. क्षितिज सेकंदाला १२ अंश पळणार होतं. मागे गंजी किंवा बाभळी असत्या तर त्या नुसत्या रेघा होऊन गेल्या असत्या आणि डोळा त्यांच्यामागे ओढला गेला असता. पूर्वेचं मोकळं रान मात्र पळतं आहे हे जाणवतं, पण टोचत नाही. मामानं बोट ठेवलेली हीच ती बाजू.

वेळ चारची ठेवली, याला कारण सावली. ड्रोन पश्चिमेला असतो, सूर्य त्याच्या पाठीशी. सूर्य जितक्या अंशांवर असेल आणि कॅमेरा जितका खाली वाकवलेला असेल, ते दोन्ही सारखे झाले की ड्रोनची सावली थेट पडद्याच्या मधोमध, म्हणजे बैलांच्या पायांत पडते. माझा कॅमेरा २० अंश वाकलेला आणि मार्चमध्ये आपल्याकडे सूर्य सव्वापाचच्या सुमाराला तिथे येतो. चारला तो बराच वर असतो, सावली खळ्याच्या अलीकडेच राहते. बैलाच्या समोर अचानक फिरती सावली येणं मला नको होतं.

पूर्ण फेरी मी क्वचितच घेते. कारण फेरीत एकदा सूर्य पाठीशी येतो आणि एकदा समोर. कॅमेऱ्याला मोकळं सोडलं तर तो उजेड बघून आपला डोळा बारीक-मोठा करत राहतो, चित्र मधेच उजळतं, मधेच काळवंडतं. म्हणून एक्स्पोजर आणि रंगाचा मेळ दोन्ही उडवायच्या आधी बांधून टाकायचे, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणि पुढे एनडी फिल्टर, उजेड कमी करणारी काळसर काच. मग पावलांना डोळ्याला बघायची सवय असते तेवढाच पुसटपणा येतो. आणि फेरी अर्धीच ठेवायची. महादेवाच्या देवळात आपण सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर जायची वाट, ओलांडत नाही, तिथपर्यंत जातो आणि आल्या वाटेनं परत फिरतो. उजेडाचंही तसंच एक सोमसूत्र असतं. कुठून कुठपर्यंत जायचं हे सूर्य सांगतो.

सव्वापाचला मी ती दुसरी अर्धी फेरी घेतली, दक्षिणेकडून निघून पूर्वेवरून उत्तरेपर्यंत, सूर्याकडे तोंड करून. यावेळी बैलांच्या दिशेनं, पण त्यांच्यापेक्षा बरीच सावकाश. मळणीत जी धूळ उडते ती सूर्य पाठीशी असताना दिसतसुद्धा नाही. सूर्य समोर आला की तीच धूळ पेटते. फेरी सुरू होताना मागे कडब्याची गंजी होती, सावलीतली, काळसर. मग ती उजवीकडे सरकली आणि डावीकडून लिंब आत आला, त्याच्या पानांतून उजेड फुटलेला. बैलांच्या पाठीच्या कडा, मामाच्या फेट्याची कड, दोरावरून उडणारं भुसकट, सगळ्याला उजेडाची किनार. नंतर घर, ओसरीवर उभी मामी, आणि शेवटी विहिरीकडच्या बाभळी. मधे चार बैल, तिवडा आणि मामा, तेच ते. पण गंजीच्या पुढे ते सुगीचं चित्र होतं, घराच्या पुढे संसाराचं झालं.

साडेपाचला वारं सुटलं. मामा त्याचीच वाट बघत होता, कारण वाऱ्याशिवाय उफणणी, म्हणजे दाण्यातून भुसा उडवणं, होत नाही. ड्रोन मी उतरवला. उपग्रहांवर जागा धरणारा ड्रोन वाऱ्यातही वेग राखतो, पण फेरीत एका बाजूला वारं पाठीवर, एका बाजूला तोंडावर येतं, तोंडावर आलं की तो पुढे झुकतो आणि वरच्या कडेला पंखे पडद्यात डोकावतात. शिवाय आता वाऱ्याचं काम दुसऱ्याचं होतं. मी मामीच्या हातातलं सूप घेतलं आणि रास होईपर्यंत तिच्याशेजारी उभी राहिले.

रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांनी लॅपटॉपवर बघितलं. मामाच्या नातवाला ड्रोन उलट फिरवलेला, बैल घाईत दिसणारा शॉट आवडला. मामानं मात्र तो पाव फेरीचा शॉट पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. मला वाटलं शिंगं बघतोय. तो बाहेरच्या बैलाचे पाय बघत होता.

“मागला डावा पाय बग. आखूड टाकतोय.”

खळ्यात उभं राहून बैल सतत वळत असतो, दिसतो आणि पुढे जातो, त्याची एक बाजू डोळ्यासमोर टिकत नाही. त्या शॉटमध्ये मात्र तो साडेसात सेकंद जागचा न हलता चालत होता. मी वेग निम्मा करून दाखवला. पाय खरंच आखूड पडत होता. मामानं सकाळी उठून खूर तपासला. खुराला ठोकलेली लोखंडी पत्री एका बाजूनं सैल होऊन आत रुतत होती. पैऱ्याचा बैल, म्हणजे शेजाऱ्याचा. मामा त्याच्याकडे सांगायला गेला आणि दुपारपर्यंत नवी पत्री बसलीसुद्धा.

आता मामाचं म्हणणं आहे, की पुढच्या सुगीला पात धरली की आधी तसा शॉट घ्यायचा, चारही बैलांचा, दोन्ही अंगांनी. दुसऱ्या अंगानं घ्यायचा तर पात उलटी फिरवावी लागेल, त्याला तो तयार आहे. उलट फिरताना मागे काय येतंय ते बघायला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत वही घेऊन पुन्हा जाणार आहे, कारण तोवर गंजी निम्मी झालेली असेल आणि उत्तरेची बाजू मोकळी.